धर्माच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा उच्चारली तो गाय देणारा असणार, घेणारा खास नव्हे. घेणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, दातांचं राहू द्या हो, ती दूध केव्हा देते आणि लाथ कोणत्या पायानं मारते एवढं जरी दावं हातात देताना सांगितलं असतंत तरी उपकार झाले असते. आता प्रश्न असा, की हे सांगणं देणाऱ्याच्या कर्तव्यात बसतं की नाही? गाय फुकट. दावं फुकट. वर लाथेची माहितीही फुकट मागायची म्हणजे जरा अतीच झालं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन गुडघा चोळत बसलेलं असतं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला आमच्या भाच्यानं. आम्ही शीव कोळीवाड्यात राहतो आणि ताईचं बिऱ्हाड आमच्याच मजल्यावर, त्यामुळे त्याच्या खोलीतला दिवा रात्री किती वाजता मालवतो हे मला लघुशंकेला उठलं की दिसतं. बहुधा मालवत नाहीच. दिवसा तो एका कचेरीत संगणकासमोर बसतो आणि त्याचे पैसे घेतो. रात्री घरच्या संगणकासमोर बसतो आणि त्याचे पैसे घेत नाही. या दुसऱ्या प्रकाराला तो ‘डेबियनचं काम’ म्हणतो. ताईनं एकदा सरळ विचारलं, “किती देतात रे?”

“काही नाही.”

“निदान चहा-बिस्किटं?”

“आई, ते लोक जर्मनीत, ब्राझीलमध्ये असतात.”

“मग तुझ्यावाचून त्यांचं अडतं कशाला?”

अडतं खरं. हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगाला देऊन टाकला. पण नुसता गाभा घेऊन करायचं काय? त्याभोवती शेकडो, हजारो प्रोग्रॅम लागतात. ते सगळे एका छपराखाली आणायचा उद्योग ऑगस्ट १९९३मध्ये इयान मर्डॉक या तरुणानं आरंभला आणि आपलं नाव मैत्रिणीच्या ‘डेब्रा’ या नावाला जोडून त्याला ‘डेबियन’ म्हटलं. (“आमच्या वेळी झाडाच्या बुंध्यावर कोरायचे,” ताई म्हणाली.) आज हे एक अवाढव्य वाण्याचं दुकान आहे. माल कुणी कुठे पिकवलेला. पुडी बांधणारे वेगळे. पुडीत काय आहे, त्याच्यासोबत आणखी कोणती पुडी घरात लागेल, ती कोणत्या फळीवर ठेवायची, मालाचा हक्क कुणाचा, हे सगळं नीट लिहून पुडीला दोरा बांधायचा आणि पुढे वर्षानुवर्षं ती पुडी सांभाळायची. ऑगस्ट २०२५मध्ये डेबियनची ‘ट्रिक्सी’ ही आवृत्ती निघाली, तिच्यात अशा ६९,८३० पुड्या होत्या. बांधणारे बहुतेक बिनपगारी. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या खेळण्यांची नावं देतात आणि जी आवृत्ती कायम अर्धीकच्ची असते तिला खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या पोराचं, सिडचं नाव. इतकी विनोदबुद्धी असलेली माणसं माहिती लिहायला बसली की एकदम मितभाषी का होतात, हे मला सुटलेलं कोडं नाही.

भाच्यानं घेतलेली पुडी होती एका मराठी फॉण्टची. आपला ल आणि आपला श हिंदीच्या छापील वळणापेक्षा वेगळे, हे आपण शाळेत छड्या खाऊन शिकलो. महाराष्ट्र सरकारनं २००९ साली रीतसर निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे, असं ठरवूनही टाकलं. पण संगणकाला छड्या मारता येत नाहीत. त्याला फॉण्टच्या पोटातच सांगावं लागतं, की बाबा रे, मजकूर मराठी असेल तर हा ल काढ, हिंदी असेल तर तो. या फॉण्टच्या पोटात तशी सोय होती. ती करणाऱ्या गृहस्थानं सोबत माहितीही ठेवली होती. ती अशी: “नेहमीप्रमाणे बांधावे.” संपली माहिती.

नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, हे शोधण्यात भाच्याचे तीन आठवडे गेले.

आता पुड्या बांधण्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत असं समजू नका. डेबियनचा नियमग्रंथ चांगला जाडजूड आहे आणि भाचा त्याच्याबद्दल आदरानं बोलतो. पुडीच्या बदलनोंदीत सही करताना ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा, मग दोन आडव्या रेघा, आणि पत्ता व तारीख यांच्यात बरोबर दोन मोकळ्या जागा. हे सगळं तिथे आहे. सत्यनारायणाच्या पूजेत सुपाऱ्या किती हे जितक्या काटेकोरपणे सांगतात तितक्याच काटेकोरपणे आहे. रडगाणं आहे ते हत्यारांचं. नियम पाळण्यासाठी जी हत्यारं आहेत, ती दर चारदोन वर्षांनी कुणी तरी नवी घडवलेली. जुन्या हत्याराची माहिती भरपूर, पण ते आता वापरू नये म्हणतात. नवं वापरावं म्हणतात, पण त्याची माहिती ‘जुन्यासारखंच, थोडा फरक’ एवढीच. तो थोडा फरक रात्री दीड वाजता समोर येतो.

शिवाय ‘मॅन’ नावाची एक आज्ञा आहे. मॅन्युअलचं लघुरूप. (“बाईला विचारलं असतंस तर पत्ता तरी नीट सांगितला असता,” हे ताईचं मत.) १९७१च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली मार्गदर्शिका निघाली, ती केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेली. तिच्यात प्रत्येक आज्ञेचं एक पान आणि त्यात ‘दोष’ असं एक शीर्षक! माझ्या वस्तूत काय बिघडतं, हे मीच लिहून देतो. मला ही गोष्ट फार थोर वाटते. विवाहमंडळांनी उचलण्यासारखी आहे. पण पुढच्या पिढ्यांत काही पानं अशी निघाली, की त्यांत म्हटलेलं असतं, पूर्ण माहिती दुसऱ्या पोथीत पाहा. दुसरी पोथी उघडावी तर ती आपल्याकडे नसते, किंवा असते आणि तिच्यात हेच पान असतं. चार नंबरच्या खिडकीनं सातवर पाठवावं आणि सातनं चारवर, हा अनुभव ज्याला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि शेवटी जाणत्यांना विचारलं तर उत्तर येतं, “कोड वाच.” म्हणजे भजी कशी करायची विचारलं तर हरभऱ्याचं शेत दाखवायचं.

त्यातून या हत्यारांतली काही चमत्कारिक खोड जन्मभराची असते. ‘मेक’ नावाचं एक हत्यार आहे. पुडीतली नियमांची फाइल त्याच्याच भाषेत लिहितात. त्यात ठरावीक ओळींच्या आरंभी ‘टॅब’ ही कळ दाबावी लागते. दिसायला तेवढीच असलेली आठ मोकळ्या अक्षरांची जागा चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखंच. हे असं का? तर १९७६ साली बेल लॅबोरेटरीत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते बनवलं, थोड्याच आठवड्यांत त्यांना ही पद्धत गैरसोयीची असल्याचं कळलं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, बरेचसे मित्रच. त्यांना त्रास नको म्हणून राहू दिलं. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. डझनभर मित्रांचा संकोच केला आणि गेली पन्नास वर्षं अख्खं जग टॅब दाबतंय. भिडेपायी इतका टिकाऊ परिणाम आमच्या सोसायटीच्या सभेतही कधी झालेला नाही.

तर प्रश्न कर्तव्याचा. देणाऱ्याची बाजू मी भाच्यापुढे मांडून पाहिली. म्हटलं, अरे, त्यांनी परवान्यातच ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ना, की कसलीही हमी नाही? मग तुझी तक्रार कुठे उभी राहते? तो म्हणाला, “मामा, हमी कोण मागतोय? मी दरवाजा कुठाय ते विचारतोय.”

मला वाटतं, पुष्कळदा देणारा लपवत नसतो. त्याला दरवाजा दिसतच नाही, कारण तो जन्मापासून घरातच आहे. आमच्या स्टेशनचंच घ्या. पाटीवर लिहिलंय गुरु तेग बहादुर नगर. आम्ही म्हणतो कोळीवाडा. पाहुण्यांना पत्ता देताना सांगतो ‘शीव कोळीवाडा’, आणि पाहुणा इमानेइतबारे मध्य रेल्वेच्या शीव स्टेशनवर उतरून, गर्दीत उभा राहून फोन करतो. हार्बरच्या गाडीनं यायचं हे सांगायचं असतं, असं आम्हां कुणाच्या मनातही येत नाही. ते काय सांगायचं! तीच गत खाण्याची. फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हॉटेलांतून जी तळलेली कोळंबी प्रसिद्ध झाली ती ‘कोळीवाडा’ नावानं देशभर पोहोचली. ओवा किती, तिखट कोणतं, प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळं सांगतो. कोळणींना विचाराल तर त्या म्हणतील आमचा काय संबंध.

सांगणं ही वेगळीच दानत आहे, हे मला कमलाबाई ओगल्यांकडे पाहून पटलं. त्यांची ‘रुचिरा’ १९७०मध्ये आली, तोवर नव्या सुनेला स्वयंपाकघरात ‘अंदाजानं’ हे एकच माप मिळत असे. सासूचा अंदाज सासूच्या हातात, आणि सासूचा हात सासूकडे. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा घेतला आणि अंदाज मोजून दाखवला. वाटी तर प्रत्येकीच्या घरात होतीच. मुंबईत एकटीदुकटी संसार मांडलेली केवढी तरी घरं त्या पुस्तकावर जेवली. काहींचं म्हणणं, त्यानं हाताची चव गेली. गेली असेल. पण उपास टळले.

इथवर हा सगळा गुडघा चोळण्याचा मामला वाटेल. पण न सांगितलेल्या गोष्टीची किंमत कधीकधी भलतीच असते. डेबियनमध्येच २००६ साली असं घडलं. ओपनएसएसएल ही जगभरच्या गुप्त किल्ल्या घडवणारी पुडी. चुका हुडकणारं एक हत्यार तिच्यातल्या दोन ओळींवर कुरकुर करत होतं. पुडी सांभाळणाऱ्यानं मूळ मंडळींना विचारलं, काढू का? मोघम होकारासारखं काही तरी उत्तर मिळालं, त्यानं काढल्या. त्यांतल्या एका ओळीवर सगळी मदार आहे, हे तिच्या शेजारी कुणी ठळक लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर मे २००८पर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, डेबियनवर घडलेल्या किल्ल्या प्रत्येक जातीच्या जेमतेम बत्तीस हजार प्रकारांतल्याच निघत होत्या. चोरानं एक दुपार बसून सगळ्या लावून पाहाव्यात इतक्या! उघडकीला आल्यावर जगभर कुलपं बदलावी लागली. दोष कुणाचा यावर रणं माजली. विचारणाऱ्यानं विचारलं होतं, सांगणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि तरीही घर उघडं होतं.

देणाऱ्याचे हालही काही कमी नाहीत. एक्सझेड ही फायली आवळून लहान करणारी पुडी वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२च्या सुमाराला लोक त्याच्यावर ‘काम हळू चालतंय’ म्हणून तुटून पडले. प्रकृती बरी नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे, असं त्यानं सांगून पाहिलं. तेवढ्यात एक गोड बोलणारा मदतनीस उगवला, दोनेक वर्षं त्यानं इमानानं काम केलं, किल्ल्या हाती आल्या, आणि २०२४च्या आरंभी त्यानं पुडीत चोरदार बसवलं. मार्चअखेर अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दूरच्या यंत्रावर शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा किंतु आला म्हणून ते सापडलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे अर्धा तास गाडी उशिरा आली तरी कुणी मान वर करत नाही.

ही हकिकत ऐकल्यापासून माझं एक मन, ते देणाऱ्याची बाजू घेणारं, जास्तच हळवं झालंय. ज्याचं सगळं ज्ञान त्याच्या एकट्याच्या डोक्यात, त्याला आजारी पडायचीही सोय नाही. दुसऱ्याच्या हाती दावं द्यायचं तर गाईबद्दल चार शब्द लिहून ठेवायला हवेत, आणि चार शब्द लिहायला लागणारा वेळ गाईनंच खाल्लेला. त्याच्याकडून फुकट गाय घ्यायची आणि वर फुकट पोथीही मागायची, ही मला खादाडी वाटते. मग लिहायचं कुणी? माझं मत असं, की ज्यानं नुकतीच लाथ खाल्ली त्यानं. जाणत्याला अडाणीपण आठवत नाही. ते ज्याला कालपर्यंत होतं त्यालाच आठवतं, आणि त्यालाही आठवडाभरच. एकदा सवय झाली की तोही म्हणू लागतो, यात काय सांगायचं.

हे मी भाच्याला ऐकवलं. तो नुकताच गडावरून परतलेल्या मावळ्यासारखा दिसत होता. पुडी बांधून झाली होती, ल पाकळीचा आला होता, श देठाचा. तीन आठवड्यांची दाढी होती. म्हटलं, आता ताजं आहे तोवर लिहून ठेव, पुढच्याचे तीन आठवडे वाचतील. त्याला पटलं. पोरगा गुणी आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं मला लिहिलेलं दाखवलंही. चांगलं पानभर होतं. कोणतं हत्यार, कोणत्या क्रमानं, टॅब कुठे, कोणती सूचना मनावर घ्यायची नाही, सगळं वाटी-चमच्यानं मोजलेलं. मी कौतुकानं वाचत खाली आलो. शेवटची ओळ होती: “यानंतर पुडी नेहमीप्रमाणे पाठवावी.”

“अरे, नेहमीप्रमाणे म्हणजे कशी?”

“मामा,” तो जांभई देत म्हणाला, “ते सगळ्यांना माहीत असतं.”