पिशवीची पेशी कधी होते

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यातल्या केळीला रुजणारं बी नाही. बुडाशी कंदातून पिलं फुटतात आणि बाग त्यांच्यावर चालते. नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं आणायची. तिथंही मूळ काम तेच: कंदाच्या टोकाचा मिलिमीटरभर कोवळा तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा, साखर, क्षार आणि संप्रेरक द्यायचं. कोंबांचा झुबका आला की पात्यानं सोडवून नव्या बाटल्यांत मांडायचा. शिवारच्या शिवार ग्रँड नैननं भरलं ते असं. पण यात पेशीला दुभंगायला कुणी शिकवत नाही. तिला ते येतंच. आपण खाऊ घालतो आणि बाजूला होतो.

जिला काहीच येत नाही अशा पिशवीकडून हेच करून घ्यायचं म्हटलं, की खरी पंचाईत सुरू होते.

पिशवी बनवणं सोपं आहे. काचेच्या चंबूत स्निग्ध रेणूंचा पातळ थर सुकवून त्यावर पाणी घातलं, की थर फुगून आपोआप बंद गोळे होतात. पडदा जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचा. 2009 मध्ये टिंग झू आणि जॅक शोस्टाक यांनी अशा गोळ्यांना ओलिक आम्ल पुरवलं, आपल्या शेंगदाणा तेलात भरपूर असतं तेच. गोळे लांबून सुतासारखे झाले, पाणी हलकेच हलवताच तुटले आणि त्यांची पिल्लं झाली. आतला माल फारसा सांडला नाही. 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सिद्धार्थ देशपांडे, सीस डेकर आणि सहकाऱ्यांनी केसाहून बारीक वाहिनीत पाचर बसवली. वाहत आलेला गोळा तिच्यावर आदळून दोन व्हायचा. कारागिरी म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो. पण पाचर आपली, प्रवाह आपला. गोळ्यानं काय केलं?

त्यातून दोन तुकडे होणं वेगळं आणि वाटणी होणं वेगळं. दोघा भावांत शेत निम्मं-निम्मं झालं आणि विहीर एकाच्याच हिश्श्याला गेली, तर दुसऱ्याच्या वाट्याला नुसता सातबारा उरतो. पेशीत विहिरीच्या जागी डीएनए असतो. आधी त्याची प्रत निघायला हवी, मग पडदा वाढायला हवा, आणि मगच कंबर आवळली जायला हवी. हा क्रम 2011 मध्ये टोकियोच्या तादाशी सुगावारा यांच्या गटानं पिशवीत बऱ्यापैकी साधला: आत डीएनएच्या प्रती निघाल्या, पडद्याचा कच्चा माल मिळाल्यावर पिशवी वाढली आणि दुभंगली. प्रती काढणारं एन्झाइम मात्र आधीच भरून ठेवलेलं होतं. पिशवीला ते नव्यानं बनवता येत नव्हतं. म्हणजे शिदोरी संपली की वंश खुंटला.

उलट्या बाजूनं गेलेल्यांची फजिती तर याहून बोलकी आहे. अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेनं 2016 मध्ये जिवाणूची जनुकं छाटत छाटत 473 वर आणली. तो जगला, पण दुभंगताना वेडेवाकडे आकार घेऊ लागला. 2021 मध्ये सात जनुकं परत दिल्यावर विभाजन ताळ्यावर आलं. त्या सातांपैकी चार पडद्याशी निगडित प्रथिनांची आहेत आणि ती नेमकं काय करतात हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. आणि आपण म्हणतो, पेशी समजली!

पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांचा गट या कोड्याच्या आरंभाकडे पाहतो: जीवसृष्टीच्या सुरुवातीला पडदे टिकले कसे? 2020 मध्ये त्यांनी दाखवलं, की एकाच प्रकारच्या रेणूंच्या पडद्यापेक्षा मिश्र रेणूंचा पडदा बदलत्या परिस्थितीला जास्त तोंड देतो. विभाजनाच्या आधीचा हा प्रश्न मला अधिक प्रामाणिक वाटतो. जो पडदा पाण्यात टिकतच नाही, तो दुभंगेल कसला?

तेव्हा ‘प्रयोगशाळेत कृत्रिम पेशीचं विभाजन’ असा मथळा दिसला, तर वाचकांनी एवढंच शोधावं: झालेल्या दोन पिशव्यांनी, कुणी हलवल्या-कापल्याशिवाय, पुढं चार केल्या का?