भांगेचे औषध आणि मात्रेचा घोळ

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यांवरची राळ म्हणजे चरस. नशा आणणारे द्रव्य राळेत असते, त्यामुळे तिन्हींचा जोर फार वेगळा असतो. भांगेच्या औषधी वापराची चर्चा हा भेद विसरूनच बहुधा केली जाते.

अथर्ववेदात पाच वनस्पतींमध्ये भंगाचे नाव येते, म्हणून भांगेच्या औषधीपणाला वेदकाळाचा दाखला देण्याची पद्धत पडली आहे. दाखला तोकडा आहे. तिथे रोग सांगितलेला नाही, मात्राही नाही. भांग औषध म्हणून ठळकपणे दिसते ती मध्ययुगात. १३००च्या आसपासच्या शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’, म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणारे द्रव्य, याचे उदाहरण म्हणून अफूच्या जोडीने भांग दिली आहे. १६व्या शतकातला भावप्रकाश तिला पाचक, ग्राही (मळ बांधणारी) आणि कफहारक म्हणतो आणि त्याच दमात ती मोह व मद वाढवते हेही सांगतो.

अतिसार आणि ग्रहणीवर दिले जाणारे जातिफलादि चूर्ण आजही प्रचारात आहे. जायफळ, लवंग, वेलदोडा, सुंठ, मिरी अशी औषधे एकत्र करून त्या सगळ्यांच्या वजनाइतकी भांग आणि या एकूण मिश्रणाइतकी साखर घालायची, अशी त्याची कृती आहे. म्हणजे चूर्णाचा चौथा हिस्सा भांगच. ती आधी शुद्ध करावी लागते. पाने पाण्यात घालून धूत राहायचे. हिरवे पाणी निघायचे थांबले की उन्हात वाळवायची आणि मंद आचेवर गाईच्या तुपात परतायची. या शोधनाने भांगेतली नशा निघून जाते, असा समज आहे. रसायनशास्त्र वेगळे सांगते. राळ पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते. शिवाय आच लागली की पानातले निष्क्रिय आम्लरूप द्रव्य सक्रिय टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, बनते. परतण्याने भांगेचा जोर वाढण्याचीच शक्यता अधिक. वैद्यांनी ती मोजून-मापून, इतर औषधांत मिसळून दिली, यात त्यांचे खरे शहाणपण होते. आतड्याची हालचाल या द्रव्यांनी मंदावते हे आता प्रयोगांनी दिसले आहे, त्यामुळे अतिसारावरची निवडही आंधळी नव्हती.

युरोपला भांगेची सविस्तर ओळख गोव्यातून झाली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात तिच्यावर एक संवाद लिहिला. भांग घेतली की श्रम जाणवत नाहीत, मन प्रसन्न राहते आणि भूक लागते, असे त्याच्या नोकरांनी त्याला सांगितले होते. चार शतकांनंतर कर्करोगाच्या रुग्णांची मळमळ थांबवण्यासाठी आणि एड्सच्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठी याच झाडातले द्रव्य गोळीच्या रूपात आले.

कलकत्ता मेडिकल कॉलेजचा आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉग्नेसी याने १८३९मध्ये गांज्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधी जनावरांवर, मग संधिवात, धनुर्वात, पटकी आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याच्या रोग्यांवर त्याने मद्यार्कात काढलेला अर्क वापरला. अवघ्या ४० दिवसांच्या, झटके येणाऱ्या एका बाळालाही तो दिला आणि बाळाला उतार पडला. तिथून गांज्याचा अर्क लंडनच्या औषधपेढ्यांत गेला. राणी व्हिक्टोरियाही तो घेत असे, ही लोकप्रिय कथा मात्र पुराव्यावाचूनची आहे. तिचा वैद्य रसेल रेनल्ड्स याने १८९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या औषधाची भलामण केली, एवढे खरे.

मग हे औषध मागे का पडले? कायद्याने मारले, असे सर्रास सांगितले जाते. कायदा उशिरा आला. औषध त्याआधीच दमले होते. राळ पाण्यात न विरघळल्याने तिची सुई देता येत नव्हती, तर मॉर्फिनची येत होती. साठवणीत मालाचा जोर उतरे. एका बाटलीने रोगी झोपे, दुसरीने काहीच होत नसे. १८९९मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आले आणि डॉक्टरांना मोजता येणारी गोळी मिळाली. ब्रिटिश औषधकोशातून गांजा १९३२मध्ये गेला, अमेरिकेच्या कोशातून १९४२मध्ये.

दरम्यान गांज्याने वेड लागते, अशी ओरड इंग्लंडमध्ये झाली आणि १८९३मध्ये सरकारने भांग-गांजा आयोग नेमला.  तेव्हा मध्य प्रांतात परवान्याने गांज्याची शेती होई ती निमाडमध्ये, खांडव्याकडे. मुंबई इलाख्यात ती मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात. आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली. १८९२मध्ये देशभरात दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकी २२२ जणांचे कारण गांजा-भांग म्हणून नोंदले होते. छाननीअंती त्यातले ९८च टिकले. बेताच्या सेवनाने फारसे नुकसान नाही, अतिरेक घातक. बंदी नको, कर आणि परवाने असावेत, असा निष्कर्ष निघाला. सरकारला महसूल हवा होता हे खरे, पण नोंदी पडताळण्याची आयोगाची चिकाटी आजच्या वादातही क्वचित दिसते.

१९६४मध्ये इस्रायलच्या राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळे केले आणि मात्रेचा जुना घोळ सुटण्याची वाट मोकळी झाली. मेंदूत याच द्रव्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर सापडले. १९९२मध्ये शरीरातच बनणारे तसले द्रव्य मिळाले आणि संस्कृत ‘आनंद’वरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवले गेले. २०१८मध्ये अमेरिकेने अपस्माराच्या दोन दुर्मीळ, बालवयातल्या प्रकारांवर एपिडायोलेक्स या औषधाला मान्यता दिली. त्यात याच झाडातले, नशा न आणणारे सीबीडी हे द्रव्य मोजून असते. केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवरही बऱ्यापैकी पुरावा आहे. दीर्घकालीन वेदनेवर तो कमी आहे. कर्करोग बरा होतो, मधुमेह हटतो हे दावे निराधार आहेत.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस गुन्ह्यात टाकले, शेंड्यांवाचूनची पाने व्याख्येबाहेर ठेवली. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. आयुर्वेदिक औषधांत ती विषारी द्रव्यांच्या ई-१ अनुसूचीत येते, म्हणून तशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. आज गांजा हा शब्द कानी पडतो तो बहुतेकदा पोलिसांच्या कारवाईच्या बातमीतच, आणि चोरट्या मालाचा जोर कोणी मोजत नाही. एनडीपीएस कायद्याचेच ८वे कलम वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला जागा ठेवते, तर १०वे कलम लागवडीच्या परवान्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते. जातिफलादि चूर्णासारख्या जुन्या औषधांतले टीएचसी मोजून त्यांच्या रीतसर चाचण्या व्हायच्या असतील, तर महाराष्ट्र सरकारने हा अधिकार संशोधनासाठी वापरला पाहिजे.