नवशिक्याचा गुरु

ज्याला एखादी विद्या येते त्याला ती शिकवितांहि येते, अशी समजूत आपल्या समाजांत फार खोल रुजलेली आहे. तिचें खंडन करण्यास मोठ्या युक्तिवादाची गरज नाहीं. उत्तम पचनशक्ति असलेला मनुष्य तेवढ्यानें वैद्य ठरत नाहीं, हें प्रत्येकाला मान्य आहे. पण खेळाच्या मैदानावर आपण ही साधी गोष्ट विसरतों. काल जो तरुण जिल्ह्याच्या संघांतून खेळत होता, त्याच्या गळ्यांत आज शिट्टी अडकवून आपण त्याच्यापुढें आठ-दहा वर्षांचीं तीस पोरें उभीं करतों, आणि आतां सर्व कांहीं यथास्थित होईल असें मानून घरीं परततों. खेळणें आणि खेळावयास शिकविणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत काय, आणि असल्यास दुसरी विद्या न शिकतां मुलांपुढें उभें राहणें हा केवळ सोयी-गैरसोयीचा प्रश्न आहे कीं नीतीचा, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत हा प्रश्न आज विशेष जिव्हाळ्याचा झाला आहे. येथील प्रथमेश जावकर या धनुर्धरानें २०२३ सालच्या मे महिन्यांत शांघाय येथील जागतिक करंडक स्पर्धेंत नेदरलंड्सच्या माइक श्लोएसर या अग्रगण्य तिरंदाजाचा १४९ विरुद्ध १४८ असा अवघ्या एका गुणानें पराभव केला. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हांग्झौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत अभिषेक वर्मा व ओजस देवतळे यांच्यासह कंपाउंड धनुष्याचें सांघिक सुवर्णपदक मिळविलें. कापूस, सोयाबीन, लोणारचें सरोवर आणि शेगांवची वारी यांमुळें ज्या जिल्ह्याचें नांव लोकांच्या तोंडीं असे, त्याला अशा यशाचा अभिमान वाटावा हें साहजिकच आहे. अशा वेळीं मुलांचीं मनें पेटतात, आणि तीं पेटावींत हेंच योग्य. पण यशाचा प्रकाश शिखरावर पडतो, पायथ्याशीं सांवलीच राहते. जो मुलगा किंवा जी मुलगी पहिल्याच दिवशीं धनुष्य हातीं घेते तिला कोण शिकवितो, आणि त्या शिकविणाऱ्याला कोणीं शिकविलें, हें आपण क्वचितच विचारतों.

शिकविणाऱ्यानेंहि शिकलें पाहिजे हा विचार वऱ्हाडाला नवा नाहीं. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनीं ज्या संस्थेचा पाया घातला ती श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें पुढें देशभर प्रसिद्ध झाली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं तिच्या पथकानें भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आमच्या दृष्टीनें त्याहून मोठी गोष्ट अशी कीं या संस्थेनें केवळ पठ्ठे घडविले नाहींत, व्यायामशिक्षक घडविले. मद्रासेस हॅरी बक यांनीं १९२० साली शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, आणि पतियाळा येथें राष्ट्रीय क्रीडासंस्था १९६१ साली स्थापन झाली. म्हणजे या विद्येचें स्वतंत्र अस्तित्व मान्य होऊन एक शतक उलटून गेलें. मान्यता मिळाली, पण ती गांवोगांवच्या मैदानापर्यंत पुरती पोंचली नाहीं. मैदानालाच बोल लावावा असेंहि नाहीं. महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आम्हां लोकांना आपापला विषय येतो कीं नाहीं एवढेंच विचारलें जातें. शिकवितां येतें काय हें विचारण्याची चाल तेथेंहि नाहीं.

या दोन विद्या वेगळ्या कां असाव्यात? ज्याला खेळ उत्तम येतो त्याच्या अंगांत तो इतका मुरलेला असतो कीं आपण काय करतों हें त्याला स्वतःलाच सांगतां येत नाहीं. सायकल चालविणाऱ्याला 'तोल कसा सांभाळतोस?' असें विचारावें. तो क्षणभर गोंधळेल आणि म्हणेल, 'बघ, असा!' हें 'बघ, असा' म्हणजेच पुष्कळ खेळाडूंची सारी अध्यापनपद्धति होय. पायऱ्या चढून ते माडीवर पोंचले आणि पायऱ्या विसरले. खालीं उभ्या असलेल्या मुलाला माडी दिसते, पायरी दिसत नाहीं. शिक्षक होऊं पाहणाऱ्या प्रत्येक तरुण खेळाडूनें एकदां आपल्या उलट्या हातानें खेळून पाहावें. उजव्या हाताच्या तिरंदाजानें डाव्या हातानें प्रत्यंचा ओढावी, गोलंदाजानें डाव्या हातानें चेंडू टाकावा. नवशिक्याचें अंग कसें ऐकत नाहीं, एका वेळीं तीन सूचना मिळाल्या म्हणजे तिन्ही कशा हरवतात, आणि शेजारीं कोणी हंसलें म्हणजे काय वाटतें, हें त्याला अर्ध्या तासांत कळेल.

विसरलेल्या पायऱ्या शोधण्याचें काम किती बारकाईचें आहे, हें धनुर्विद्येवरूनच पाहूं. नव्या मुलाला आरंभीं बाण द्यावयाचाच नसतो. रबराचा पट्टा ताणून उभें राहणें, खांदा खालीं ठेवणें, कोपर मागें नेणें एवढेंच त्याला कांहीं दिवस करूं द्यावें लागतें. मग हलकें धनुष्य येतें, आणि लक्ष्य अगदीं जवळ, चार-पांच पावलांवर. तेंहि वर्तुळांचा कागद न लावलेलें, कोरें. गुणांचीं वर्तुळें दिसूं लागलीं कीं बाण कोठें लागला इकडे मन धावतें आणि तो कसा सुटला याचा विसर पडतो. पेलत नाहीं असें धनुष्य हातीं आलें तर मूल पाठीच्या बळानें न ओढतां हात-खांद्याच्या झटक्यानें ओढूं लागतें. खांदा दुखावतो तो दुखावतोच, आणि जडलेली खोड काढणें हें नवें शिकविण्याहून कठीण होऊन बसतें. सर्वांनीं एकाच रेषेवर उभें राहावें, आणि शेवटचा बाण सुटून इशारा होईपर्यंत कोणीहि पुढें पाऊल टाकूं नये, हा नियम तर पहिल्या दिवसापासून श्वासासारखा अंगीं बाणला पाहिजे. यांतील कोणतीहि गोष्ट सुवर्णपदकाच्या चित्रांत दिसत नाहीं.

आतां आपल्या शाळांतील खो-खो घ्या. खेळाचा नियम असा कीं बाद झालेल्या पळणाऱ्यानें बाहेर जावें. सामन्यांत तो योग्यच आहे. पण सरावांतहि तोच चालविला तर काय होतें? जो मुलगा अशक्त, जी मुलगी बुजरी, ती पहिल्या दहा पळांतच बाद होऊन कडेला बसते. आणि जो आधींच चपळ आहे तो मिनिटामागून मिनिटें पळत राहून अधिक चपळ होतो. ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक त्याला सराव सर्वांत कमी, अशी ही उलटी वांटणी आहे. ती कोणीं द्वेषानें केलेली नसते; केवळ विचार न केल्यानें झालेली असते. जाणता शिक्षक नियम थोडा बदलतो. बाद झालेल्यानें मैदानाला एक फेरी घालून पुन्हां आंत यावें असें तो म्हणतो, किंवा तीन-तीन मुलांचे लहान डाव लावतो. एवढ्याशा युक्तीनें कडेचीं पोरें मैदानांत येतात.

येथून आमच्या मतें नीतीचा प्रश्न सुरू होतो. शिक्षक शिकलेला असो कीं नसो, त्यानें काय बिघडतें याचें एक मोजमाप अमेरिकेंत झालेलें आहे. सिअ‍ॅटलच्या परिसरांतील मुलांच्या बेसबॉल संघांविषयीं नॅन्सी बार्नेट, फ्रँक स्मॉल व रोनाल्ड स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. कांहीं प्रशिक्षकांना हंगामापूर्वीं अवघ्या कांहीं तासांचें शिक्षण दिलें होतें: प्रयत्नाची वाखाणणी करावी, चूक झाल्यावर धीर देऊन सुधारणेचा मार्ग दाखवावा, शिक्षेचा व टोमण्यांचा अवलंब करूं नये. इतरांना असें शिक्षण नव्हतें. पुढील वर्षीं खेळ सोडून गेलेल्या मुलांचें प्रमाण शिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांकडे शेंकडा २६ भरलें. शिक्षण घेतलेल्यांकडे तें शेंकडा ५ होतें. आणि दोन्ही गटांच्या जय-पराजयांत फरक नव्हता! म्हणजे जो केवळ विजयाची वही पाहील त्याला दोघे शिक्षक सारखेच दिसतील. एकाच्या मैदानावरून दर चार मुलांतलें एक मूल खेळाला पाठ फिरवून गेलें, हें त्या वहींत कोठेंहि लिहिलेलें नसेल.

आपल्या देशांत उत्तम प्रशिक्षकाला १९८५ सालापासून द्रोणाचार्यांच्या नांवानें पुरस्कार दिला जातो. पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत हे एक होते. ज्या थोर शिक्षकांना तो मिळाला त्यांच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु नांवाचा विचार केल्यावांचून राहवत नाहीं. झाडावरील पक्ष्याची कथा आपण मुलांना अर्जुनाच्या एकाग्रतेसाठीं सांगतों. गुरूनें प्रत्येकाला विचारलें, 'काय दिसतें?' कोणी झाड सांगितलें, कोणी भाऊ सांगितले. त्या सर्वांना बाजूस सारण्यांत आलें. अर्जुनाला केवळ पक्षी दिसला, मग त्याचें मस्तक तेवढें दिसलें, आणि बाण सुटला. ही परीक्षा उत्तम होती यांत शंका नाहीं. पण परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे. जे बाजूस झाले त्यांना झाडामधून पक्षी वेगळा कसा पाहावा हें त्या दिवशीं कोणीं शिकविलें? कथा त्याविषयीं मुकी आहे, आणि आपणहि तिला तो प्रश्न विचारीत नाहीं.

एकलव्याची कथा तर याहून कठोर. द्रोणांच्या वतीनें असें म्हणतां येईल कीं ते राजाच्या अन्नाला बांधलेले होते आणि अर्जुनाला त्यांनीं वचन दिलें होतें. हें खरें आहे. परंतु दुखणें नेमकें तेथेंच आहे. शिक्षक कोणाचा बांधील? राजाचा, आवडत्या शिष्याचा, कीं समोर उभ्या असलेल्या शिकणाऱ्याचा? आज राजा नाहीं. त्याच्या जागीं पदकांची संख्या आहे, अनुदान आहे, आईबापांची हौस आहे. आणि अंगठा आजहि घेतला जातो. वाढत्या वयांत न पेलणारा ताण देऊन खांदा घेतला जातो, चारचौघांत पाणउतारा करून उमेद घेतली जाते. ज्या कंपाउंड धनुष्यानें आमच्या जिल्ह्याला कीर्ति दिली त्याचा बाण पुष्कळ धनुर्धर आंगठ्यानें कळ दाबून सोडतात, हा योगायोग मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, सर्वांना गोंजारीत बसलें तर विजेते कसे निपजतील? निवड आणि कडकपणा यांवांचून कोणती विद्या फळास आली? याचें उत्तर दोन प्रकारें देतां येतें. पहिलें असें कीं कोंवळ्या वयांतील निवड आपण समजतों तितकी शहाणी नसते. कॅनडांतील हॉकीचे खेळाडू तपासून रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ साली दाखविलें कीं निवडलेल्यांत वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा होता. एकाच वयोगटांत दहा-अकरा महिन्यांनीं मोठें असलेलें मूल उंच व दांडगें दिसतें. निवडणारा त्यालाच गुण समजतो. दुसरें उत्तर असें कीं निवडलेला आणि नवशिका यांत भेद केला पाहिजे. ज्याचें खेळावर प्रेम जडलें आहे तो कठोरता सोसतो, किंबहुना मागतो. नवशिक्याचें प्रेम अजून जडावयाचें असतें.

मुंबईचे रमाकांत आचरेकर यांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. स्वतः ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकरांसारखे खेळाडू निघाले. यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवण्याची त्यांची युक्ति प्रसिद्ध आहे: बाद करील त्याला तें नाणें, आणि बाद न होतां टिकला तर फलंदाजाला. ही गोष्ट आपण तेंडुलकरांच्या गौरवासाठीं सांगतों. परंतु त्या नाण्यावर प्रत्येक गोलंदाज पोराचाहि तितकाच हक्क होता, आणि त्यामुळें साऱ्या मैदानाला काम मिळालें, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. एकाला घडवितांना उरलेल्यांना बाजूस सारावेंच लागतें असें नाहीं.

आपल्या तालमींत म्हण आहे कीं वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मोठ्या मल्लाच्या बाबतींत ती खरी असो वा नसो, मुलांच्या शिक्षकाजवळ राखून ठेवण्यासारखें कांहीं नसतें. शिकवणी आवडली नाहीं तर प्रौढ मनुष्य सोडून जातो. मूल जाऊं शकत नाहीं, कारण त्याला आणून सोडणारे आपण असतों. शिक्षक चांगला कीं वाईट हेंहि त्याला ठरवितां येत नाहीं. फटकारलें तर आपलेंच चुकलें असेल, आणि जमलें नाहीं तर आपल्यांत कांहीं उणें असेल, असें तें मानतें. एवढा बिनशर्त विश्वास ज्याच्यावर टाकला जातो त्यानें त्या विश्वासाला पात्र होण्यासाठीं शिकलें पाहिजे, हें कर्तव्य कोणत्याहि प्रमाणपत्राच्या आधींचें आहे. न शिकतां मुलांवर हात चालवून पाहणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत आपला पहिला नांगर धरण्यासारखें आहे. तास वांकडे गेले तर पीक त्याचें जातें.

आणि यांत आईबापांचाहि वांटा आहे. उन्हाळ्याच्या सुटींत मुलाचें नांव घालावयास गेल्यावर आपण विचारतों कीं येथून राज्याला किती गेले, देशाला किती गेले. हा प्रश्न विचारूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत: ज्यांना जमत नाहीं त्या मुलांसाठीं आपण काय करतां, आणि गेल्या वर्षीं आलेल्या मुलांपैकीं यंदा किती परत आलीं? असे प्रश्न वारंवार येऊं लागले तर शिकविणारेहि त्यांचीं उत्तरें तयार ठेवूं लागतील, आणि उत्तर तयार ठेवण्यासाठीं त्यांना मैदानाच्या कडेला बसलेल्या पोरांकडे पाहावें लागेल.