बंद पडलेला संघ कुणाचा?

सांगलीत कुणालाही विचारा, विजय हजारे आमचे म्हणून सांगेल. ते १९१५ साली इथे जन्मले. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर १९३३ साली इथेच जन्मले. स्मृती मानधना माधवनगरला वाढली, हे तर आता शाळेतली पोरंही सांगतात. साताऱ्याकडे वळलं की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक आणि कांस्यपदक. ही नावं तोंडपाठ आहेत. पण याच दोन जिल्ह्यांत कधीकाळी गाजलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या एखाद्या कुमार संघाचं नाव विचारा. समोरचा थोडा थांबतो, ‘होता बघा एक’ म्हणतो आणि विषय बदलतो. हा विसर मला साधा वाटत नाही. खेळाडू घडतो तो संघात, आणि आपण घडलेल्याची नोंद ठेवतो, घडवणाऱ्याची नाही.

कुमार संघाची एक अडचण मोठ्यांच्या संघाला नसते. इथला खेळाडू तीन-चार वर्षांत वयात बसेनासा होतो. जरा कुठे पोरगा तयार झाला, चढाईला भरवशाचा झाला, की तो कॉलेजला नाहीतर नोकरीला पुण्याला जातो. म्हणजे असा संघ दर दोन-तीन वर्षांनी नव्याने उभा करावा लागतो, आणि तो उभा करणारी माणसं खेळाडूंच्या यादीत कधीच नसतात. मैदानावर पाणी मारून फक्की आखणारा कुणी असतो, दौऱ्याला गाडी ठरवणारा कुणी असतो. सामना हरून रात्री उशिरा परतलेल्या पोरांना घरी नेऊन भाकरी वाढणारी एखादी काकू असते. संघ खरा त्यांचा. ती माणसं थकली की संघ थांबतो, आणि तो थांबल्याचं कुणी जाहीरही करत नाही. मोठ्या कंपनीचा संघ बंद झाला तर बातमी येते. गावचा कुमार संघ एका वर्षी स्पर्धेला जात नाही, पुढच्या वर्षीही जात नाही, आणि मग तो नसतो.

कॅनडात मात्र एका छोट्या गावाला आपल्या कुमार संघाच्या शेवटाचं वर्ष नेमकं सांगता येतं. रॉकी पर्वतरांगांच्या कुशीतलं क्रॅनब्रुक, वस्ती वीस हजारांच्या आसपास. तिथे बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट आणि कुस्ती एकत्र. १९९८ साली एडमंटनहून एक कुमार संघ या गावात आला आणि ‘कुटनी आइस’ नावाने खेळू लागला. सोळा ते वीस वर्षांची पोरं, घरापासून शेकडो मैलांवर. ती गावातल्याच कुटुंबांत राहायची, त्यांच्या पंगतीला जेवायची. या संघाने २०००, २००२ आणि २०११ साली आपली लीग जिंकली. २००२ साली तर कॅनडातल्या कुमार हॉकीतला सर्वांत मानाचा मेमोरियल कप या गावात आला. पुढे मालक बदलले, प्रेक्षक कमी पडतात असं सांगितलं गेलं, आणि २०१९ मध्ये संघ विनिपेगला हलवला. २०२३ मध्ये तो पुन्हा विकला गेला आणि सरहद्दीपलीकडे अमेरिकेतल्या वेनाची गावी गेला. गावाने एकवीस वर्षं पोरं सांभाळली, पण कागदावर संघ गावाचा कधीच नव्हता.

आपल्याकडे याला सर्वांत जवळचं उदाहरण कुमारांचं नाही, मोठ्यांचं आहे: इंदूरच्या होळकर संस्थानाचा संघ. १९४१ ते १९५५ या चौदा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला. कर्णधार सी. के. नायडू, सोबत मुश्ताक अली, आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. याच होळकर संघाविरुद्ध सांगलीच्या हजाऱ्यांनी १९४७ साली बडोद्यात एक डाव खेळला. होळकर संघ २०२ धावांत बाद झालेला. बडोद्याचेही ९१ धावांत तीन गडी गेलेले. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोद्याने सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला, आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या कुठल्याही गड्यासाठीच्या सर्वांत मोठ्या भागीदारीचा तो विक्रम २००६ पर्यंत टिकला.

या सगळ्यात सांगली कुठे आहे? हजाऱ्यांचं जन्मगाव म्हणून, तेवढीच. त्यांना जोपासलं बडोद्याने, कारण बडोद्याकडे संघ होता, संस्थानाची नोकरी होती, खेळाडूला पोसण्याची ऐपत होती. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही आपली संस्थानं त्या मानाने लहान. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, ही त्यातली मोठी गोष्ट. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. विलीनीकरण झालं ते योग्यच झालं. पण राजाश्रयावर उभं असलेलं खेळाचं जे काही होतं, ते सांभाळायला नवा धनी कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही. होळकर संघालाही तो चुकला नाही. १९५५ नंतर तोही संपला.

टिकली ती तालीम. तालमीचा धनी राजा नव्हता, पेठ होती, गाव होतं. पहाटे हौदातली लाल माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, वस्तादांच्या नजरेखाली लढायचं आणि घरून आलेला खुराक वाटून खायचा, हे शिक्षण पोराला गावाच्या जिवावर मिळत असे. खाशाबा हेलसिंकीला गेले ते अशाच बळावर. लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन ते परतले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीला १५१ बैलगाड्या होत्या. ज्यांच्या त्या गाड्या, त्यांचाही त्या पदकात वाटा होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कुमार संघ राजाचा असो, कारखान्याचा असो की फ्रँचायझीचा, तो धन्याच्या मर्जीइतकाच जगतो. गावाचा असेल तर त्याहून जास्त जगतो. कायमचा मात्र तोही नाही. क्लासची वेळ आणि तालमीची वेळ एकच झाली, मैदानावर गाळे उठले, की गावाचा संघही जातो.

गेलेला संघ परत आणता येईलच असं नाही. त्याचा इतिहास मात्र लिहिता येतो. जुन्या मंडळांच्या कार्यालयात भिंतीवर एक फोटो असतो. मधल्या खुर्च्यांवर अध्यक्ष आणि प्रशिक्षक, मागे उभी पोरं, पुढे मांडी घालून बसलेली दोन लहान पोरं, त्यांच्यामध्ये ढाल आणि पाटीवर खडूने लिहिलेलं साल. खाली नावं असली तर आडनावं आणि आद्याक्षरं. बऱ्याचदा तीही ओल लागून पुसलेली असतात. त्या फोटोतला उजवीकडून तिसरा कोण, हे सांगणारी माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. रणजीच्या धावफलकांनी होळकर संघ जपला. तुमच्या गल्लीतल्या कबड्डीच्या, खो-खोच्या कुमार संघासाठी असं कुणी बसलेलं नव्हतं.

तेव्हा वाचकहो, सातारा-सांगलीत, कराड-मिरजेत, विटा-वाईत जिथे असाल तिथे एवढं करा. तुमच्या गावचा बंद पडलेला एखादा कुमार संघ निवडा. त्यात खेळलेल्यांना गाठा, फोटोतली नावं लिहून घ्या, कुणाकडे स्कोअरबुक किंवा प्रमाणपत्रांची फाईल असेल तर तिची प्रत काढा. कोण खेळलं एवढंच विचारू नका. मैदान कुणाचं होतं, खर्च कोण करायचं, जेवायला कोण घालायचं, आणि शेवटचा सामना कधी झाला, हेही विचारा. लिहिलेलं गावच्या वाचनालयात ठेवा, आणि हे काम या सुट्टीतच सुरू करा.