टाचणीचे छिद्र

शास्त्रवाचन : १ शमुवेल १६:१-१३, स्तोत्रसंहिता १३९, योहान २०:१९-२९



काशीच्या संकठा घाटावर मराठी माणसाला फारसे परकेपण वाटत नाही. एका बाजूस लागूनच शिंदे घाट आहे, तर दुसऱ्या बाजूस थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. नीळकंठशास्त्री गोरे यांची नगरी एकदा डोळ्यांनी पाहावी, म्हणून आमच्या मंडळीतील काहीजण तेथे गेलो होतो. नावेतून उतरून पायऱ्यांवर विसावलो असता आमच्यातील एका सोळा वर्षांच्या मुलाने पिशवीतून जपून एक वस्तू काढून माझ्या हाती दिली. ते क्रिकेटपटूचे चित्र असलेले एक छोटे कार्ड होते. पूर्वी बबलगमबरोबर मुलांना अशी चित्रे मिळत. त्याच्या वडिलांनी शाळकरी वयात ते मिळवले होते आणि आपल्या अंथरुणाच्या वर भिंतीला टाचणीने लावून ठेवले होते. वडील आता प्रभूकडे गेले आहेत. कार्डाच्या वरच्या कडेपाशी टाचणीचे बारीक छिद्र तेवढे राहिले आहे.

त्या मुलाला ते कार्ड परीक्षणासाठी अमेरिकेस पाठवायचे होते. त्याने विचारले, “पाळकसाहेब, असे छिद्र बुजवून देणारे लोक असतात. कडाही थोड्या कापून सरळ करता येतात. तसे केले तर कोणाला कळणार आहे?”

वाचकहो, हा उद्योग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. खेळाडूंची वा चित्रकथांतील पात्रांची कार्डे जमवणारे लोक जगभर आहेत. कार्ड खरे की खोटे आणि ते कोणत्या स्थितीत आहे, हे ठरवणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांपैकी पीएसए ही सर्वांत प्रसिद्ध संस्था १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. कार्ड अर्धकठीण पारदर्शक वेष्टनात घालून, अर्ज भरून व शुल्क देऊन तिच्याकडे पाठवायचे. तेथील परीक्षक चित्र मध्यभागी छापले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा अखंड आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे तपासतात. मग १ ते १० यांपैकी एक आकडा देऊन ते कार्ड कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद केले जाते. नऊ आणि दहा या दोन आकड्यांमध्ये कित्येकदा किमतीचे प्रचंड अंतर पडते. टाचणीचे एक छिद्र असले, तरी आकडा फार खाली येतो. कडा कापल्याचे किंवा दुरुस्ती केल्याचे उघडकीस आले, तर सामान्यतः आकडाच मिळत नाही.

परंतु परीक्षकही माणूसच असतो. होनस वॅग्नर या अमेरिकन बेसबॉलपटूचे, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांबरोबर वाटलेले एक कार्ड फार दुर्मिळ आहे. त्याची एक प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व त्यांच्या एका भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. पीएसएने आकडा दिलेले पहिले कार्ड तेच, आणि त्याला आठ हा आकडा मिळाला. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. जगातील सर्वांत नामांकित कार्डाचे सौंदर्य कात्रीचे होते!

या कथेत मला आपल्या मंडळ्यांचे चित्र दिसते. आपणही कडा कापतो. रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसतो, पण वाटणीवरून सख्ख्या भावाशी दहा वर्षांचा अबोला असतो, ती कड कोणास दिसू देत नाही. प्रार्थनासभेत साक्ष देताना आपल्या पराजयाचा भाग वगळतो. घरात व्यसन आहे, मुलगा दुरावला आहे, तरी पाळकाने विचारले की “प्रभूकृपेने सर्व ठीक” असे उत्तर तयार असते. मंडळी आपल्याला आठ देते, कधी नऊही देते. आणि आपण त्या पारदर्शक पेटीत बंद होऊन बसतो. तेथे धूळ लागत नाही, पण कोणाचा हातही लागत नाही.

शमुवेल संदेष्ट्यापेक्षा जाणता परीक्षक इस्राएलात नव्हता. तोही इशायाच्या घरी चुकला. अलीयाबाची उंची व रूप पाहून अभिषिक्त तो हाच, असे त्याला वाटले. तेव्हा देवाने त्याला सांगितले, की मनुष्य बाहेरचे पाहतो, मी अंतःकरण पाहतो. सात पुत्र पुढे झाले आणि मागे सरले. ज्याला कोणी बोलावलेही नव्हते, तो मेंढरांमागे होता.

ज्या नगरीत आम्ही बसलो होतो, तेथेच तरुण नीळकंठशास्त्र्यांनी ख्रिस्ती मताची परीक्षा करावयास घेतली. त्याचे खंडन करावे, या हेतूने त्यांनी पवित्र शास्त्र हाती धरले आणि विरोधात संस्कृत ग्रंथही रचला. पण परीक्षा करता करता आपलीच परीक्षा होत आहे, हे त्यांना उमगले. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नेहेम्या गोरे झाले. यापुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. एवढा मोठा पंडित, पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीला प्रभूकडे येण्यास साहाय्य करणारा, पण शंकांनी त्यांना पुढेही वारंवार छळले. त्या शंका त्यांनी लपवल्या नाहीत. त्या घेऊनच ते १८९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, प्रभूजवळ राहिले. छिद्रासह त्यांनी स्वतःला परीक्षकाच्या हाती दिले होते.

कारण या परीक्षकात आणि जगाच्या परीक्षकात एक मूलभूत भेद आहे. जगाचा परीक्षक दोष शोधतो, आकडा देतो आणि थांबतो. बरे करणे त्याच्या कामात येत नाही. स्तोत्रकर्ता मात्र आपले अंतःकरण स्वतः होऊन देवापुढे उघडतो, तपासून पाहा म्हणतो. कारण हा तपासणारा वाईट मार्ग दाखवून तेथेच सोडत नाही, सनातन मार्गाने हाती धरून नेतो, हे त्याला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. पुनरुत्थानाच्या दिवशी दारे बंद असताना प्रभू शिष्यांच्या मध्ये उभा राहिला. मृत्यूला जिंकलेल्या त्या देहावर एकही व्रण नसता तर आपल्याला नवल वाटले नसते. परंतु त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, आणि कुशीत घाव होता. त्याने त्या झाकल्या नाहीत. आपणहून दाखवल्या. आठ दिवसांनी थोमाला त्याच खुणांपाशी बोट आणावयास सांगितले. थोमाने प्रभूला ओळखले ते छिद्रांवरून. ज्या खुणा जगाच्या मोजमापात उणेपणा ठरल्या असत्या, त्या प्रीतीच्या खुणा होत्या.

मी त्या मुलाला म्हणालो, “बाळ, पाठवायचे तर छिद्रासह पाठव. तुझ्या वडिलांनी ज्या प्रेमाने ते भिंतीवर लावले, त्याची तेवढीच खूण तुझ्याजवळ आहे. ती बुजवून आकडा मिळाला, तर कार्ड महाग होईल. पण तुझ्या वडिलांचे राहणार नाही.” त्याने पुढे काय ठरवले, ते मी विचारले नाही. कार्ड मात्र त्याने बराच वेळ हातात धरून ठेवले होते.

प्रिय वाचकहो, येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, ही प्रेषित पौलाची आज्ञा आपण जाणतो. ती करताना कात्री बाजूस ठेवा. ज्या भावाशी अबोला आहे, त्याचे नाव प्रभूसमोर उच्चारा. आणि शक्य असेल तर भोजनापूर्वी त्याच्या दारी जा.

प्रार्थना : हे प्रभो, तू आमचे कोपरे आणि कडा पाहतोस, आणि त्यापलीकडचेही पाहतोस. आम्ही झाकलेले तुझ्या खिळ्यांच्या खुणा असलेल्या हातांत देतो. आम्हांला तपास, आणि बरे कर. आमेन.