आधी ख्रिस्तसभा, मग ग्रंथ

कॅथलिक माणसाला दोन दिशांनी प्रश्न येतात. विवेकवादी मित्र विचारतो, ‘‘तुमच्या बायबलात एवढे पाठभेद, एवढ्या विसंगती. विश्वास तरी कसा ठेवता?’’ आणि बायबल काखेत घेऊन दारी आलेला पंथीय बांधव म्हणतो, ‘‘पोपचा अधिकार, मृतांसाठी प्रार्थना, हे बायबलात कुठे लिहिलंय, दाखवा!’’ हे दोघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत, पण दोघांचे गृहीत एकच आहे: ख्रिस्ती धर्म म्हणजे एक पुस्तक. त्यामुळे एकाला वाटते, पुस्तकात चूक सापडली की धर्म कोसळला. दुसऱ्याला वाटते, पुस्तकात नाही ते धर्मात नाही. हे गृहीतच इतिहासाला धरून नाही.

इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने रोमच्या सम्राटाला एक निवेदन लिहिले. त्यात ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते त्याने सांगितले आहे. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, प्रमुख उपदेश करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, त्यांवर उपकारस्तुती होते आणि सगळ्यांना वाटप होते. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरपोच होतो. जमलेल्या पैशातून अनाथ आणि विधवांना मदत केली जाते. ही भाकर साधी भाकर नसून येशूचे शरीर आहे, असेही तो स्पष्ट सांगतो. मिस्साला जाणाऱ्या कुणालाही यातला क्रम ओळखीचा वाटेल. आणि या वेळी नव्या कराराची यादी अजून ठरायची होती! आजची सत्तावीस पुस्तके, नेमकी तेवढीच, आपल्याला प्रथम भेटतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियाच्या सभेत आपल्या सोयीची पुस्तके निवडली, ही एका कादंबरीने लोकप्रिय केलेली गोष्ट आहे. ३२५ सालच्या त्या सभेने संमत केलेल्या नियमांत ग्रंथांच्या यादीचा विषयच नाही.

ही यादी सत्तावीसपैकी एकाही पुस्तकात दिलेली नाही. ‘बायबलात दाखवा’ म्हणणाऱ्याने बायबल म्हणजे कोणती पुस्तके, हे बायबलात दाखवावे. ते त्याला जमणार नाही. ती यादी त्याने ज्या परंपरेकडून उचलली, तिलाच तो बाकी सगळ्या बाबतीत नाकारतो आहे. मृतांसाठी प्रार्थनेचा उल्लेख असलेले मक्काबींचे दुसरे पुस्तक आमच्या त्र्याहत्तर पुस्तकांत आहे, त्याच्या सहासष्टांत नाही. म्हणजे पुस्तकापाशी येण्याआधीच वाद सुरू झालेला असतो.

आता विवेकवादी मित्राकडे वळू. नव्या करारातील पाठभेदांची संख्या चार लाखांपर्यंत असावी असा अंदाज केला जातो, आणि मूळ ग्रीक शब्द आहेत सुमारे एक लाख अडतीस हजार. शब्दांहून पाठभेद जास्त! बार्ट अर्मन या अमेरिकन अभ्यासकाने हे वाक्य जगभर पोचवले आणि आकडा खोटा नाही. पण मराठी वाचकाने त्याने दचकावे याचे मला आश्चर्य वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली. हस्तलिखिते जितकी अधिक, तितके पाठभेद अधिक, हे तिथल्या पंडितांनी आपल्याला कधीच दाखवून दिले आहे. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितेच पाच हजारांवर आहेत. बहुसंख्य फरक शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे. एकच हस्तलिखित उरले असते, तर पाठभेद शून्य असते आणि संशय मात्र कधीच फिटला नसता.

मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानच्या शुभवर्तमानाचा तळहातात मावेल एवढा पपायरसचा तुकडा आहे. बरेच अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. काही जण आणखी पुढे ओढतात. आमचे प्रचारक त्याच्यावर जेवढा भार टाकतात तेवढा तो पेलत नाही. खरा आधार दुसरीकडे आहे. पहिली जवळजवळ तीन शतके ख्रिस्ती लोकांच्या हाती राज्यसत्ता नव्हती. ग्रंथाच्या प्रती इजिप्तपासून गॉलपर्यंत पसरल्या आणि लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक भाषांत अनुवादही झाले. त्या सगळ्या गोळा करून एकसारख्या बदलणे कुणाच्याही आवाक्यात नव्हते. म्हणूनच नंतर शिरलेला मजकूर आज ओळखता येतो. मार्कचे शेवटचे बारा श्लोक सर्वांत जुन्या दोन मोठ्या संहितांत नाहीत. योहानच्या पहिल्या पत्रातले स्वर्गातील तीन साक्षीदारांचे वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत नाहीच. १८९७ साली रोमने या वाक्याबद्दल शंका घेऊ नये असे सांगितले. तो निर्णय घाईचा होता. १९२७ मध्ये अभ्यासकांना मोकळीक दिली गेली आणि आजच्या अधिकृत लॅटिन बायबलात ते वाक्य नाही. त्रैक्यावरची श्रद्धा मात्र तसूभर हलली नाही, कारण ती त्या वाक्यावर उभीच नव्हती.

विसंगतींचा आरोप अधिक वजनदार आहे. येशूची वंशावळ मत्तयात एक, लूकमध्ये दुसरी. लूकने येशूच्या जन्माशी जोडलेली रोमन सुभेदार क्विरिनियसची शिरगणती राजा हेरोदाच्या काळाशी जुळवणे अवघड आहे आणि त्यावरची आमची काही उत्तरे ओढूनताणून आणलेली असतात. पण दुसऱ्या शतकातच तातियान नावाच्या जस्टिनच्या शिष्याने चारही शुभवर्तमाने गुंफून एकसंध कथा तयार केली होती. सिरियातल्या मंडळ्या ती दोनशेहून अधिक वर्षे उपासनेत वाचत होत्या. बनाव रचायचा असता तर यापेक्षा सोयीचा ग्रंथ कोणता? तरीही ख्रिस्तसभेने ती बाजूला ठेवून एकमेकांशी पुरती न जुळणारी चार पुस्तके राखली. त्यांत पहिला प्रमुख पेत्र आपल्या गुरूला तीनदा नाकारतो, आणि ज्यांच्या साक्षीला त्या समाजात फारशी किंमत नव्हती त्या स्त्रिया रिकामी कबर प्रथम पाहतात. खोटे बोलणारे लोक स्वतःची अशी नाचक्की लिहून ठेवत नाहीत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवायचे होते ते पवित्र शास्त्र निर्दोषपणे शिकवते, आणि लेखकाचा हेतू समजून घ्यायचा तर त्याचा साहित्यप्रकार पाहावा लागतो. विज्ञानाने पेचात धरल्यावर शोधलेली ही पळवाट आहे, असे म्हणणाऱ्यांनी चौथ्या-पाचव्या शतकातला ऑगस्टीन वाचावा. उत्पत्तीचे सहा दिवस चोवीस तासांचे मानायला तोही तयार नव्हता.

संहिता नीट उतरली म्हणून तिच्यातला मजकूर खरा ठरत नाही, हे मला मान्य आहे. कोणताही पपायरस पुनरुत्थान सिद्ध करणार नाही. पण पौल करिंथकरांना इ.स. ५५ च्या आसपास लिहितो, तेव्हा उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्यांची यादी देतो आणि ती आपल्याला इतरांकडून मिळाली असेही सांगतो. क्रुसावरच्या मृत्यूला तेव्हा पंचवीसेक वर्षे झाली होती. त्याने उल्लेखलेल्या पाचशेंपैकी बहुतेक जण त्याच्या म्हणण्याप्रमाणे हयात होते. दंतकथा पिकायला हा काळ फार थोडा आहे. ते लोक भ्रमात होते असे म्हणता येईल. त्यांनी नंतर कधीतरी गोष्ट रचली, असे म्हणता येणार नाही.

माझ्या दोन्ही मित्रांना एकच विनंती आहे. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे, दोनेक तासांत वाचून होते. ते तळटिपांसकट वाचून या, मग वाद घालू.