पणजीचं हिरवं लुगडं

पुतण्याने दिवाळीत फोनवर पणजीचा फोटो दाखवला. आमच्याकडे तिचा तेवढाच आहे: १९१३च्या सुमारास अमरावतीला, आजोबांच्या मुंजीत काढलेला. बटूच्या मागे ती उभी आहे. बाबा १९६१ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, तेव्हा ट्रंकेतून तो घेऊन आले. पुतण्याने एका ॲपकडून तो रंगवून घेतला होता. पणजी गडद हिरव्या लुगड्यात. सगळे म्हणाले, किती छान दिसते!

पण ते लुगडं नव्हतंच, आलवण होतं. पणजी सोळाव्या वर्षी विधवा झाली, पदराखाली केशवपन केलेलं डोकं आहे. आणि आलवण तांबडं असतं.

“मग फोटोत काळं कसं?” पुतण्याचा प्रश्न रास्त होता. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हापासून कित्येक दशकं फोटोच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. चांदीच्या क्षारांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम होतो, लालचा नाही. म्हणून आकाश पांढरंफटक येई आणि कपाळावरचं कुंकू काळं. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की काचेच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवंही दिसू लागतं. लाल दिसणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं. त्यानंतरही जुन्या काचा बरीच वर्षं चालल्या. लाल दिव्याच्या उजेडात धुता येत, ही त्यांची सोय. (गंमत अशी की मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये दाखवलेला पहिला रंगीत फोटोही असल्याच काचांवरचा. फितीतल्या लाल रंगावरून परतलेले अतिनील किरण लालच्या जागी उमटले होते, हे शंभर वर्षांनी कळलं. चुकून बरोबर आलेला फोटो!)

रंग भरणारी ही ॲप्स साधारणपणे आजचे रंगीत फोटो करडे करून त्यांवर शिकवलेली असतात. त्या करड्यात लाल असा काळा पडत नाही. जुन्या काचेचं आंधळेपण त्यांना ठाऊकच नाही. काळपट दिसलं की लाखो फोटोंच्या अनुभवावरून एखादा शक्य रंग ठोकून देतात. पूर्वी स्टुडिओतला माणूसही ब्रशने फोटो रंगवायचा, पण लुगडं कोणत्या रंगाचं, हे घरच्यांना विचारून घेता यायचं. तो चुकला तरी कुणाला तरी विचारून चुकायचा.

हे सगळं मी जरा तावातावाने बोलले, कारण हा माझ्या धंद्याचाही प्रश्न आहे. एका हिंदी कथेतली विधवा पांढऱ्या साडीत होती. मराठी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून तिला आलवण नेसवा, असं संपादकांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. जे मुळात नाही ते भरायचा अधिकार अनुवादकाला नाही, असं मी तेव्हा ठणकावून लिहिलं होतं. (अर्थात, इतरत्र मी काय काय भरलं आहे ते माझं मला माहीत.)

ब्याऐंशी वर्षांच्या आत्याने पणजीला पाहिलेलं आहे. तिने चष्मा पुसून फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिलं.

“राहू दे गं. तांबडं नेसशील का, असं तिला तरी कोणी विचारलं होतं?”

“पण आत्या, उद्या पोरींना वाटेल, तिला काही झालंच नव्हतं.”

“काळ्या फोटोत तरी कुठे कळत होतं? तू सांगितलंस म्हणून कळलं.”

हे खरं होतं. मूळ फोटोनेही तिचं तांबडं गिळलंच होतं, आणि त्याला आम्ही साठ वर्षं देवासारखं सांभाळलं. तरी दोन्ही चुका सारख्या मानायला माझं मन घेत नाही. काच आंधळी होती, पण तिच्यासमोर पणजी खरोखर उभी होती. हिरव्या लुगड्यातली बाई कधी कुठे उभीच नव्हती. आत्याला हे पटलं नाही. ती म्हणाली, उभी नव्हती हेच तर दुःख.

मी मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: “आलवण, तांबडं.” आत्याने हिरवा फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला. पाठवायला मीच मदत केली.